डायरेक्ट आयओसाठी बफर किती बाइटला अलाइन करायचा: ५१२ की ४०९६?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम ओ_डायरेक्ट (कर्नलचा कॅश टाळून डिस्कशी थेट व्यवहार, म्हणजे डायरेक्ट आयओ, मागणारा पर्याय) लावून फाइल उघडतो आणि मॅलॉक या नेहमीच्या फंक्शनने घेतलेल्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या जागेत, वाचतो. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. तोच प्रोग्रॅम सर्व्हरवर नेला की फाइल उघडते, पण पहिलाच रीड ईइनव्हॅल, म्हणजे "अवैध मागणी" ही चूक, घेऊन परत येतो. बफर ५१२ बाइटला अलाइन केल्यावर, म्हणजे त्याचा पत्ता ५१२च्या पटीत ठेवल्यावर, एका सर्व्हरवर काम झालं, दुसऱ्यावर तीच चूक. मग खरा आकडा कोणता?

आज रात्रीपर्यंत कोड चालू करायचा असेल, तर बफरचा पत्ता, फाइलमधला ऑफसेट आणि मागितलेली लांबी हे तिन्ही ४०९६च्या पटीत ठेवा. आज वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांवर ते चालेल. पण "खरा आकडा" नावाची एकच गोष्ट इथे नाही. अटी तीन आहेत, त्या वेगवेगळ्या थरांतून येतात, आणि त्यांतली प्रत्येक अट यंत्रानुसार, कर्नलच्या आवृत्तीनुसार, काही वेळा तर फाइलनुसारही बदलते. म्हणून आकडा पाठ करून कोडमध्ये कोरण्यापेक्षा तो कुठून येतो हे समजून घेणं आणि चालू यंत्राला विचारणं हाच टिकाऊ मार्ग आहे.

आधी ही अट मुळात का आहे ते पाहू. साध्या रीडमध्ये तुमच्या बफरचा आणि डिस्कचा थेट संबंध येतच नाही. कर्नल डेटा आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात, आणतो आणि तिथून सीपीयू तुमच्या पत्त्यावर कॉपी करतो. ही कॉपी कुठूनही कुठेही होऊ शकते. १३७व्या बाइटपासून ४१ बाइट मागा, विषम पत्त्यावर मागा, काही बिघडत नाही. ओ_डायरेक्ट लावलं की ही मधली कॉपीच निघून जाते. कर्नल तुमच्या बफरची पेजेस (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) रॅममध्ये जागेवर खिळवतो, त्यांचे फिजिकल पत्ते काढतो आणि त्यांची यादी डिव्हाइसच्या हाती देतो. डिव्हाइसचा डीएमए, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता मेमरीत लिहिणारी यंत्रणा, मग थेट तुमच्या मेमरीत लिहितो. आणि डिव्हाइस बाइटच्या हिशेबात बोलत नाही. त्याचं सगळ्यात लहान एकक म्हणजे लॉजिकल सेक्टर. १३७व्या बाइटपासूनचे ४१ बाइट हवे असतील तर आख्खा सेक्टर कुठेतरी उतरवून त्यातला तुकडा कापावा लागेल. त्यासाठी मधला बफर लागेल, आणि तो मधला बफर नको असं तर तुम्हीच सांगितलेलं आहे. त्यामुळे कर्नल ईइनव्हॅल देतो तेव्हा तो अडवणूक करत नाही. दिलेल्या अटींत हे काम जमणार नाही, एवढंच तो स्पष्ट सांगतो.

आता तीन अटी वेगळ्या काढू. ऑफसेट आणि लांबी या दोन अटी स्टोरेजच्या बाजूच्या आहेत. दोन्ही लॉजिकल सेक्टरच्या पटीत हव्यात, कारण सेक्टरच्या मधून सुरुवात करता येत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही. तिसरी अट बफरच्या पत्त्याची. ती डीएमए करणाऱ्या हार्डवेअरची आणि त्याच्या ड्रायव्हरची आहे: तुमच्या मेमरीतल्या कोणत्या पत्त्यावर हे कंट्रोलर लिहू शकतं? या दोन बाजूंचा एकमेकींशी काही संबंध असायलाच हवा असं नाही. जुन्या काळात सोयीसाठी दोन्हींना एकच आकडा लावला गेला आणि त्यामुळे आपण सगळे "अलाइनमेंट ५१२" असं एका दमात म्हणायला लागलो. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

लिनक्समध्ये ओ_डायरेक्ट २.४.१० आवृत्तीत आलं. कल्पना त्याआधीची, एसजीआयच्या आयरिक्समधली. २.४ मालिकेत तिन्ही गोष्टी फाइल सिस्टिमच्या ब्लॉकच्या पटीत लागत, म्हणजे बहुधा ४०९६. २.६ पासून खालच्या डिव्हाइसचा लॉजिकल सेक्टर पुरेसा ठरला, म्हणजे बहुधा ५१२. पुढची बरीच वर्षं पत्त्यालाही हाच आकडा लागू होता. मग ६.० मध्ये पत्त्याची अट सेक्टरपासून वेगळी केली गेली. आता पत्त्यासाठी डिव्हाइसच्या ड्रायव्हरने जाहीर केलेली डीएमए अलाइनमेंट पाहिली जाते. एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याचा प्रोटोकॉल) असेल तर ती फक्त ४ बाइट असते, कारण त्या प्रोटोकॉलला सुरुवातीचा पत्ता ४च्या पटीत असला तरी चालतो. ऑफसेट आणि लांबीची अट मात्र होती तशीच राहिली.

तुमच्या लॅपटॉपचं कोडं या एका बदलाने सुटतं. ६४ बिट यंत्रावर ग्लिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा मॅलॉक १६ बाइटला अलाइन केलेला पत्ता देतो. मागणी मोठी असेल, मूळ सेटिंगप्रमाणे १२८ केबी किंवा जास्त, तर तो एमॅप कॉलने कर्नलकडून वेगळी जागा घेतो, सुरुवातीला स्वतःच्या हिशेबाचे १६ बाइट ठेवतो आणि त्यापुढचा पत्ता तुम्हाला देतो. म्हणजे मोठा बफर घेतला तर पत्ता जवळजवळ नेहमी पेजच्या सुरुवातीपासून १६ बाइट पुढे असतो. हेक्समध्ये शेवटचे तीन अंक ०१०. असा पत्ता ५१२च्या पटीत असूच शकत नाही. पण ४च्या पटीत तो आहे. नवा कर्नल आणि एनव्हीएमई असलेल्या लॅपटॉपवर मॅलॉकचा बफर आरामात पास होतो. ६.० आधीच्या कर्नलवर, किंवा ड्रायव्हरने डीएमए अलाइनमेंट मूळच्या ५१२वरच ठेवली आहे अशा डिव्हाइसवर, तोच बफर पहिल्याच रीडला नाकारला जातो. लॅपटॉपवर तुमचा कोड बरोबर होता म्हणून चालला नाही; तिथलं हार्डवेअर सैल होतं म्हणून चालला.

दुसऱ्या सर्व्हरवर ५१२ला अलाइन करूनही का अडलं? तिथला लॉजिकल सेक्टर बहुधा ४०९६ असणार. याची कारणं अनेक असू शकतात. डिस्क ४के नेटिव्ह, म्हणजे मुळातच ४०९६च्या सेक्टरची, असेल. एनव्हीएमई ड्राइव्ह ४०९६च्या फॉरमॅटवर लावलेला असेल; अनेक मॉडेलं ५१२ आणि ४०९६ दोन्ही फॉरमॅट देतात, त्यामुळे दोन सर्व्हरवर एकाच मॉडेलचा ड्राइव्ह असूनही उत्तर वेगळं येऊ शकतं. किंवा डिस्क ५१२चीच आहे पण तिच्यावर एलयूकेएस२ या डिस्क एन्क्रिप्शनचा थर आहे आणि त्याचा एन्क्रिप्शन सेक्टर ४०९६ आहे. मग वरच्या फाइल सिस्टिमला दिसणारं डिव्हाइस ४०९६चंच असतं. खालच्या डिस्कचा आकडा बघून निष्कर्ष काढला तर इथे नेमके फसता. नेहमी फाइल सिस्टिम ज्या डिव्हाइसवर माउंट आहे त्याचा आकडा पाहा, साखळीतल्या सगळ्यात खालच्या डिस्कचा नव्हे.

विचारायचं कसं? लिनक्स ६.१ पासून यासाठी नीट दार उघडलेलं आहे. फाइलची माहिती देणाऱ्या स्टॅटएक्स कॉलला स्टॅटएक्स_डीआयओअलाइन हा मास्क द्या. उत्तरात दोन वेगळे आकडे येतात: एसटीएक्स_डीआयओ_मेम_अलाइन हा बफरच्या पत्त्यासाठी आणि एसटीएक्स_डीआयओ_ऑफसेट_अलाइन हा ऑफसेट आणि लांबीसाठी. या दोन आकड्यांचं वेगळं असणं मला फार मोलाचं वाटतं, कारण इतकी वर्षं एकत्र कोंबलेल्या दोन गोष्टी इथे स्वच्छपणे सुट्या झाल्या. उत्तर वाचण्याआधी परत आलेल्या मास्कमध्ये तो बिट खरोखर लागला आहे का ते तपासा. लागला नसेल तर त्या फाइल सिस्टिमने उत्तरच दिलेलं नाही. बिट लागला आहे पण आकडे शून्य आहेत, तर या फाइलवर डायरेक्ट आयओ होत नाही. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि एफ२एफएस या फाइल सिस्टिमना हे समजतं.

उत्तर फाइलनुसार मिळतं, डिस्कनुसार नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. ईएक्सटी४वर एखाद्या डिरेक्टरीवर फाइल सिस्टिमचं स्वतःचं एन्क्रिप्शन लावलेलं असेल आणि ते इनलाइन पद्धतीने चालत असेल, तर त्या फाइलींना ऑफसेट आणि लांबी फाइल सिस्टिमच्या ब्लॉकच्या पटीत लागते, शेजारच्या साध्या फाइलींना नाही. दोन्ही फाइली एकाच विभाजनावर, एकाच डिस्कवर. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना एकदा विचारून तो आकडा सगळीकडे वापरण्याऐवजी फाइल उघडल्यावर त्याच डिस्क्रिप्टरवर विचारा. कॉल स्वस्त आहे.

जुना कर्नल असेल तर पर्याय कमी आहेत. एक्सएफएसचा स्वतःचा डीआयओइन्फो हा आयओसीटीएल (कर्नलला खास विनंती करण्याचा कॉल) आहे. तो मेमरीची अलाइनमेंट आणि किमान आयओ आकार देतो. ब्लॉक डिव्हाइसचा लॉजिकल सेक्टर ब्लॉकडेव्ह या आज्ञेला गेटएसएस पर्याय देऊन मिळतो, किंवा सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) डिव्हाइसच्या क्यू डिरेक्टरीत लॉजिकल_ब्लॉक_साइझ नावाच्या फाइलीत. तिथेच नव्या कर्नलवर डीएमए_अलाइनमेंट नावाची फाइलही दिसेल. तिच्यातला आकडा मास्कच्या रूपात असतो, म्हणजे ३ दिसला तर ४ बाइट, ५११ दिसला तर ५१२ बाइट. काहीच मिळालं नाही तर ४०९६ धरा.

आकडा मिळाला, आता बफर. सीमध्ये पॉझिक्स_मेमअलाइन वापरा. त्याला द्यायची अलाइनमेंट दोनचा घात आणि पॉइंटरच्या आकाराच्या पटीत हवी. त्यामुळे कर्नलने ४ सांगितलं म्हणून ४ जसंच्या तसं दिलं तर ६४ बिट यंत्रावर हा कॉलच ईइनव्हॅल देईल, आणि तुम्ही चूक डिस्कच्या दारात शोधत बसाल. त्यापेक्षा कर्नलचा आकडा आणि ४०९६ यांतला मोठा घ्या. पत्ता जास्त काटेकोर असल्याने काहीच बिघडत नाही. सी११चा अलाइन्ड_अलॉकही चालेल, फक्त आकार अलाइनमेंटच्या पटीत ठेवा. मूळ सी११ मानकात ती अट होती. मोठा बफर हवा असेल तर अनामिक एमॅप सगळ्यात साधा: पत्ता पेजला अलाइन असतोच.

इतर भाषांत पत्ता आपल्या हातात नसतो, तिथे जरा वळसा घ्यावा लागतो. पायथनमध्ये साधे बाइट्स या कामाचे नाहीत. एमॅप मॉड्यूलने उणे एक डिस्क्रिप्टर देऊन अनामिक मेमरी घ्या आणि तिच्यात प्रीडव्हीने वाचा. जावामध्ये थेट बाइटबफर थोडा मोठा घेऊन त्याचा अलाइन्डस्लाइस घ्यायचा. जेडीके १० पासून डायरेक्ट नावाचा ओपन ऑप्शनही आहे आणि फाइलस्टोअर ब्लॉकचा आकार सांगतो. रस्टमध्ये वेक्टर नको. लेआउटला आकार आणि अलाइनमेंट देऊन मेमरी घ्या. गोमध्ये लोक जास्तीची स्लाइस घेऊन तिच्यातला अलाइन केलेला भाग वापरतात.

बफर अलाइन करून घेतला तरी अलाइनमेंट पुढे हरवते, आणि प्रत्यक्षात मला जास्त वेळा दिसणारी चूक हीच आहे. बफरच्या सुरुवातीला प्रोग्रॅमचा स्वतःचा ३२ बाइटचा हेडर, आणि रीडला दिलेला पत्ता बफर अधिक ३२. किंवा अनेक तुकड्यांत एकदम वाचणाऱ्या रीडव्हीच्या यादीत पहिला तुकडा अलाइन केलेला, पण दुसरा तुकडा पहिल्याच्या विषम लांबीनंतर सुरू होणारा. यादीतल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता आणि प्रत्येक तुकड्याची लांबी स्वतंत्रपणे अटीत बसायला हवी असं धरूनच चाला. एसट्रेसमध्ये (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) पत्ता दिसेल असं करून तपासा. हेक्समध्ये शेवटचे तीन अंक शून्य असतील तर तो ४०९६च्या पटीत आहे. शेवटचे दोन शून्य आणि तिसरा सम असेल तर ५१२च्या पटीत. एका नजरेत निकाल लागतो.

आता ऑफसेटचं गणित. समजा तुम्हाला ५०००व्या बाइटपासून २००० बाइट हवे आहेत आणि एकक ४०९६ आहे. सुरुवात खाली ४०९६वर आणा, शेवट ७०००वरून वर ८१९२वर न्या, ४०९६ बाइट वाचा आणि बफरमधले पहिले ९०४ बाइट सोडून पुढचे २००० उचला. वाचताना इतकंच. लिहिताना हेच केलं तर आधी तो ब्लॉक वाचावा लागतो, त्यात बदल करावा लागतो आणि मग परत लिहावा लागतो. त्या मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने त्याच ब्लॉकचा दुसरा तुकडा बदलला तर त्याचा बदल नाहीसा होतो. पेज कॅश असताना हा सांभाळ कर्नल करत होता. आता तो तुमच्याकडे आला. त्यामुळे शक्य असेल तर फाइलची रचनाच अशी करा की प्रत्येक नोंदीचा गट ब्लॉकच्या सीमेवर सुरू होईल आणि सीमेवरच संपेल. डेटाबेस हेच करतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं पेज मूळ सेटिंगमध्ये १६ केबीचं, पोस्टग्रेसचं ८ केबीचं. ही पेजेस आधीपासूनच ४०९६च्या पटीत असल्याने ऑफसेट आणि लांबीचा प्रश्न आपोआप सुटतो. उरतो फक्त बफरचा पत्ता. पोस्टग्रेस १६ मध्ये डायरेक्ट आयओचं प्रायोगिक सेटिंग आलं तेव्हा मेमरीतले आयओ बफर ४०९६ला अलाइन करण्याचं कामही त्यासाठी झालं, ते याच कारणाने.

फाइलचं शेपूट हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर अनेक कोड अडतात. १०,००० बाइटची फाइल घ्या. ८१९२वर ४०९६ बाइट मागितले तर १८०८ मिळतात. हे बरोबर आहे. लांबी मागताना अलाइन हवी, मिळताना कमी मिळू शकते. पण नेहमीच्या सवयीने लूप पुढे सरकतो आणि ऑफसेट १०,००० वर पुन्हा रीड करतो, "शून्य आलं की फाइल संपली" या अपेक्षेने. १०,००० हा आकडा ५१२च्याही पटीत नाही. शून्याऐवजी ईइनव्हॅल येऊ शकतो, आणि पूर्ण वाचलेली फाइल प्रोग्रॅम बिघडलेली ठरवतो. म्हणून फाइलचा आकार एफस्टॅटने आधी घ्या आणि तिथवर पोहोचलात की थांबा. आकाराच्या अलीकडेच रीड कमी बाइट घेऊन आला, तर त्या ऑफसेटवरून पुढे जाऊ नका. शेवटच्या अलाइन केलेल्या सीमेवर मागे या आणि तिथून पुन्हा मागा.

लिहिताना शेपटाला दोन मार्ग आहेत. एक म्हणजे शेवटचा ब्लॉक शून्यांनी भरून १२,२८८पर्यंत लिहायचं आणि मग एफट्रंकेटने फाइल १०,००० वर आणायची. दुसरा म्हणजे शेवटच्या तुकड्यापुरतं एफसीएनटीएलने ओ_डायरेक्ट काढायचं आणि तो साधा राइट करायचा. जीएनयूचा डीडी दुसरा मार्ग घेतो, म्हणूनच ओफ्लॅग डायरेक्ट देऊनही विषम आकाराची फाइल तो पूर्ण कॉपी करू शकतो. मी पहिला पसंत करतो, कारण त्यात एकाच फाइलवर कॅशमधून आणि कॅश टाळून अशी सरमिसळ होत नाही. फक्त मधे वीज गेली तर फाइल भरीच्या शून्यांसकट मोठी राहू शकते. म्हणून खरी लांबी फाइलच्या आत हेडरमध्येही लिहिलेली बरी.

पास होणारा आकडा आणि चांगला आकडा यांतही फरक आहे. आज विकल्या जाणाऱ्या बऱ्याच हार्ड डिस्क ५१२ई प्रकारच्या असतात: बाहेर ५१२चा सेक्टर दाखवतात, आत प्लॅटरवर ४०९६चा असतो. तिथे ५१२ बाइटचा राइट पूर्णपणे वैध आहे. पण ड्राइव्हला आतला ४०९६चा सेक्टर वाचून, बदलून परत लिहावा लागतो, आणि फिरत्या डिस्कवर त्याची किंमत जवळपास एका पूर्ण फेरीची असते. कर्नल काही बोलणार नाही, चूक येणार नाही, फक्त काम कूर्मगतीने होईल. वर फाइल सिस्टिमचाही हिशेब आहे. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ यांचा ब्लॉक सहसा ४०९६चा असतो. त्याहून लहान किंवा तिरका डायरेक्ट राइट आला तर उरलेला भाग शून्य करण्यात दोन राइट एकमेकांवर चढू नयेत म्हणून ते अनेकदा आख्ख्या इनोडचं, म्हणजे त्या पूर्ण फाइलचं, कुलूप घेतात आणि समांतर राइट एकामागे एक रांगेत लागतात. तुम्ही थ्रेड वाढवत जाता आणि वेग तिथेच. म्हणून राइटचं एकक ठरवताना लॉजिकल सेक्टर, फिजिकल सेक्टर आणि फाइल सिस्टिमचा ब्लॉक या तिन्हींतला सगळ्यात मोठा घ्या.

चूक न देणाऱ्या फाइल सिस्टिम ही उलट बाजूची अडचण. बीटीआरएफएसला तिरकी मागणी केली, किंवा फाइल कॉम्प्रेस केलेली असली, तर ती गुपचूप पेज कॅशच्या मार्गाने जाते. ईएक्सटी४ डेटा जर्नल मोडमध्ये असेल तरी तसंच. एनएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिमच्या लिनक्स क्लायंटला तर अलाइनमेंटची अटच नाही. तिथे ओ_डायरेक्ट फक्त क्लायंटचा कॅश टाळतं, सर्व्हर स्वतःकडे काय करतो यावर ओ_डायरेक्टचा ताबा नाही. तुम्ही कॅश टाळायला गेलात आणि कॅशमधूनच काम झालं, तर मापनाचे सगळे आकडे फसवे ठरतात. चाचणीआधी कॅश रिकामा करा, डायरेक्ट वाचन करा आणि मग फिनकोर या आज्ञेने फाइलची किती पेजेस मेमरीत आली ते पाहा. बरीच दिसली तर डायरेक्ट आयओ झालेलंच नाही.

विंडोजवर हीच गोष्ट फाइल_फ्लॅग_नो_बफरिंग या नावाने आहे आणि नियम जास्त स्पष्ट लिहिलेले आहेत: ऑफसेट आणि लांबी व्हॉल्यूमच्या सेक्टरच्या पटीत, आणि बफरचा पत्ता फिजिकल सेक्टरला अलाइन असावा. व्हर्च्युअलअलॉक पेजला अलाइन केलेली मेमरी देतो, त्यामुळे तिथे पत्त्याची चिंता सहसा उरत नाही. सेक्टरचे दोन्ही आकार विंडोज ८ पासून गेटफाइलइन्फर्मेशनबायहँडलईएक्सला फाइलस्टोरेजइन्फो मागून मिळतात. अट मोडली की चूक क्रमांक ८७, म्हणजे अवैध पॅरामीटर. शेपटासाठी सेटफाइलइन्फर्मेशनबायहँडलने फाइलचा शेवट ठरवा. मॅकओएसवर ओ_डायरेक्ट नाहीच. तिथे एफसीएनटीएलने एफ_नोकॅश लावतात; ती कॅशिंग टाळण्याची विनंती आहे, अलाइनमेंट चुकली म्हणून रीड नाकारला जात नाही. पॉझिक्स मानकात ओ_डायरेक्टचा उल्लेख नसल्याने प्रत्येक सिस्टिमचं वागणं वेगळं आहे. अनेक सिस्टिमवर चालणारा कोड लिहायचा असेल तर लिनक्स आणि विंडोजचे कडक नियम पाळा. बाकी सगळीकडे ते आपोआप चालतात.

अलाइनमेंट बरोबर असूनही डेटा बिघडल्याच्या तक्रारी येतात, त्यामागे बहुतेक वेळा बफरच्या आयुष्याचा प्रश्न असतो. डायरेक्ट राइट चालू असताना बफरमध्ये बदल करू नका. मधली प्रत नसल्याने डिव्हाइस तुमची जिवंत मेमरी वाचत असतं. चेकसम काढणाऱ्या फाइल सिस्टिमवर चेकसम एका मजकुराचा आणि डिस्कवर दुसराच मजकूर असं होऊ शकतं. मिरर केलेल्या डिस्कवर दोन प्रती वेगळ्या होऊ शकतात. आणि लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलं आहे की प्रायव्हेट मॅपिंगमधल्या (इतर प्रोसेसशी न वाटलेल्या मेमरीतल्या) बफरवर ओ_डायरेक्टचं काम चालू असताना फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत, करू नये. मॅलॉकची आणि पॉझिक्स_मेमअलाइनची मेमरी प्रायव्हेटच असते. फोर्क टाळता येत नसेल तर त्या बफरवर मॅडव्हाइजने डोन्टफोर्क लावा. एकच पेज दोन वेगळ्या कामांच्या बफरांत वाटून घेऊ नका; बफर पेजला अलाइन करून पूर्ण पेजांचाच घ्यावा, याचं हेही एक कारण आहे.

ओ_डायरेक्टमुळे डेटा डिस्कवर पक्का झाला असं मात्र समजू नका. राइट परत आला म्हणजे डेटा डिव्हाइसकडे पोहोचला. तो ड्राइव्हच्या आतल्या, वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या कॅशमध्ये असू शकतो, आणि फाइल वाढली असेल तर तिचा नवा आकार आणि ब्लॉकांची नोंद अजून मेमरीतच असू शकते. डेटा पक्का करून घेणारं एफडेटासिंक किंवा ओ_डीसिंक लागतंच.

शेवटी, हे सगळं सर्व्हरवर नेण्याआधी लॅपटॉपवरच तपासता येतं, आणि ते नक्की करा. एक मोठी रिकामी फाइल बनवा, लॉसेटअपला सेक्टर-साइझ ४०९६ देऊन तिचं लूप डिव्हाइस (फाइलला डिस्कसारखं दाखवणारं) करा, त्यावर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ करून माउंट करा आणि तुमची चाचणी तिथे चालवा. ऑफसेट किंवा लांबी ५१२वर टिकून राहिलेली प्रत्येक मागणी तिथे लगेच ईइनव्हॅल देईल. स्कझी_डीबग हे कर्नल मॉड्यूल सेक्टर_साइझ ४०९६ देऊन लोड केलं तरी तसंच डिव्हाइस मिळतं. पत्त्याची अट तपासायची असेल तर चाचणीत बफर मुद्दाम ४, १६, ५१२ बाइटने सरकवून रीड करा आणि स्टॅटएक्सने सांगितलेल्या आकड्याशी निकाल जुळतो का ते पाहा. विंडोजच्या बाजूला अशी चाचणी ४के सेक्टरची आभासी डिस्क बनवून होते. व्हीएचडीएक्स फॉरमॅटमध्ये ४०९६चा लॉजिकल सेक्टर ठेवता येतो.